तारा नसलेला तुकडा

प्रिय ओतीलिया,

मी पत्र लिहायला बसलोय हे पाहून तुझ्या आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही. तू कोइंब्राला शिकायला होतीस तेव्हा तुला दोन पत्रं लिहिली होती, त्यानंतर पेन धरलं ते मालाच्या पावत्यांवर सही करण्यापुरतं. तेव्हा अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच, पण आईला फोन करून विचारू नकोस. तिला वाटतंय मी तुला चेस्टनटबद्दल लिहितोय.

चेस्टनट यंदा भरपूर आलेत. आईचा गुडघा थंडी पडल्यापासून कुरकुरतोय, पण त्याच गुडघ्यावर ती झाडाखाली बसून टोपल्या भरते आणि मी हात लावला की म्हणते, तू सडके उचलतोस, हो बाजूला. मागच्या शेडमध्ये या दिवसांत बटाटे असायचे. आता तिथे रबर आहे. हे तुला तिने सांगितलंच असेल, कारण ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. परवा पाद्री घरी आले होते, त्यांनाही शेड दाखवून आली. "बघा, लोकांचे नवरे म्हातारपणी बायका ठेवतात, माझ्याने फाटके टायर ठेवलेत." पाद्री हसले, आणि मग त्यांनी एक तुकडा उचलून वास घेतला. माणसाला कुतूहल असतंच, पण बाकीचे ते लपवतात.

हे वेड कसं लागलं ते तुला नीट कधी सांगितलं नाही. दोष तुझा आहे. ईस्टरच्या जेवणाला मी नेहमीसारखा बडबडत होतो, की महामार्गावर जिथे बघावं तिथे रिमोल्डच्या पट्ट्या पडलेल्या असतात, जुन्या टायरवर नवं रबर चढवायचं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ, आमच्या वेळी शहाणा मालक नवाच टायर घ्यायचा. तू बकरीच्या मांसाचा तुकडा तोडत शांतपणे विचारलंस, "बाबा, यातली एक तरी पट्टी कधी गाडी थांबवून उचलून बघितलीस? ती रिमोल्डचीच होती हे तुला कसं कळलं?" आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत आहे. तू फक्त "अच्छा" म्हणालीस आणि बटाटे पुढे केलेस. तो "अच्छा" माझ्या घशात अडकला तो अडकलाच. चाळीस टनांची गाडी घेऊन मी उभं आयुष्य त्या रस्त्यावर काढलं, प्रत्येक पट्टीला शिवी घातली आणि एकीलाही हात लावला नव्हता.

डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंच होतं. मग मी महामार्गाच्या खालून जाणाऱ्या जुन्या रस्त्याने चालायला लागलो, सोबत एक गोणपाट घेऊन. वरून उडालेले तुकडे बांधाच्या खाली झुडपांत पडतात, कात टाकलेल्या सापासारखे. पहिला उचलला तेव्हा हाताला तार टोचून रक्त आलं. एवढंच कळलं की त्यात तारा असतात. तो तुकडा घेऊन मी एर्मीनियुच्या टायरच्या दुकानात गेलो. तुला तो आठवतो ना, कायम नाक लाल, लहानपणी तुझ्या सायकलची ट्यूब फुकट लावून द्यायचा. त्याने तुकडा उलटापालटा केला आणि विचारलं, "हे कुठून आणलंस? आणि का? बेलार्मीनु, पेन्शन पुरत नाही का तुला?" पण दाखवलं त्याने नीट. रिमोल्डमध्ये जुना टायर खरवडून त्यावर नवी पट्टी बसवतात. ती पट्टी नीट चिकटली नसेल तर ती जोडावरच सुटते, नुसतं रबर, संत्र्याचं साल निघावं तसं. पण तुकड्यात स्टीलच्या तारा असतील, त्या उपटून निघालेल्या असतील, तर टायरचं अंगच फाटलं. ते कशाने फाटलं? तर बहुतेक वेळा हवा कमी होती म्हणून. हवा कमी झाली की टायर दबतो, दबला की तापतो, तापला की आतून सुटायला लागतो, आणि ड्रायव्हरला हे कळतं ते आरशात धूर दिसल्यावर. एर्मीनियु म्हणाला, "आणि अंग फाटायला त्याला रिमोल्ड असावं लागत नाही हां. नवाकोरा टायरही असाच फाटतो. फाटल्यावर दोघांचे तुकडे सारखेच दिसतात, तुझ्यासारख्याला."

तेव्हापासून मी तुकडे वेगळे करायला लागलो. शेडच्या डाव्या भिंतीला तारांचे, उजवीकडे बिनतारांचे. उन्हाळा संपेपर्यंत डावीकडे माझ्या कमरेइतका ढीग झाला आणि उजवी भिंत जवळजवळ मोकळी होती. उजवीकडे जे थोडे होते तेही छोटे कपचे, कुठल्या तरी खड्ड्यात तुटलेले. कॅफेत सगळे माझी टिंगल करायचे. मी आत शिरलो की कुणीतरी ओरडायचं, "खिडक्या उघडा, रबर आलं!" महामार्गाच्या पोलिसांनी मला कुंपणापाशी हटकलं, तर त्यातली तरुण पोरगी म्हणाली, "आजोबा, काही हरवलंय का?" मी म्हटलं, हो, एक मत हरवलंय माझं. तिला वाटलं मी भ्रमिष्ट आहे. तिने मला गाडीतून घरापर्यंत सोडलं आणि आईला सांगितलं, यांच्यावर लक्ष ठेवा.

जूनमध्ये मी तुझ्याकडे आलो ते खरं तर समुद्र बघायला नव्हे. मला तू कामाला आहेस तो रिमोल्डचा कारखाना बघायचा होता, पण तोंडाने मागवेना. तूच म्हणालीस, चल. ओतीलिया, तिथे मी फार बोललो नाही, त्यावरून तू काय समजलीस कोण जाणे. परतीच्या बसमध्ये मात्र मी शेजारच्या बाईला सगळं सांगत आलो. की माझी मुलगी जुना टायर आत घेते तोच संशयाने घेते. त्याच्या आत हात घालून फिरवते, त्याला यंत्रात घालून आतल्या पोटाचे फोटो काढते, खिळ्याचं भोक शोधते, आणि जरा शंका आली की खडूने फुली मारून बाजूला. तो फुल्यांचा डोंगर बघून मी थक्क झालो होतो. एक ठेकेदार तुझ्याशी वाद घालत होता, "बाईसाहेब, याला काय झालंय? अजून दोन वर्षं निघतील यात." तू म्हणालीस, "निघतील. तुमच्या अंगणात झोपाळा करा त्याचा." बसमधली बाई त्यावर इतकी हसली की तिची टोपली खाली पडली. चढवलेलं रबर पक्कं करणाऱ्या त्या मोठ्या भट्टीचं झाकण बंद होताना तू माझा दंड धरून मला मागे ओढलंस, तेही मी तिला सांगितलं.

तू दिलेले चार टायर मी आपल्या जुन्या ट्रकला मागे लावले. लाकडं घेऊन गुआर्दाला जातो तेव्हा चढ संपला की थांबतो आणि प्रत्येकावर तळवा ठेवून बघतो, किती तापलाय. आई गाडीत बसून ओरडते, "झाला का आशीर्वाद देऊन?" टायर चांगले आहेत. हे मी कॅफेत सगळ्यांसमोर म्हणालो. माझ्यासारख्या माणसाने ते म्हणणं म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे.

मग सप्टेंबर आला. त्याबद्दल तू फोनवर बोलायचं टाळतेस आणि मीही टाळतो. आपण हवेबद्दल, गुडघ्याबद्दल बोलतो आणि फोन ठेवतो. सेलोरिकोच्या उतारावर नोर्बेर्तुच्या ट्रेलरचा टायर गेला, वर पाण्याच्या बाटल्यांचा लोड होता, आणि मागून येणारी फेलिस्मिनाची लाल गाडी कठड्यावर आदळली. ती औषधाच्या दुकानात असते, आईला गोळ्या तीच देते. खांदा मोडला, भुवईवर टाके पडले, पण ती वाचली. आता बरीच सावरली आहे. ती सांगते, "काळं काहीतरी पंख पसरून आलं, आणि मग काच नव्हतीच." टायर तुझ्या कारखान्याचा होता हे दुसऱ्या दिवशीच गावभर झालं. कॅफेत मी शिरलो तर या वेळी कुणी ओरडलं नाही. ते जास्त लागलं. एर्मीनियुच हळूच म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, होतं असं." मी मात्र गप्प बसलो नाही. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, हवा बघितली नसणार पोराने! डाव्या भिंतीचा ढीग बघून या माझ्या शेडमध्ये! मग तुमच्या लोकांनी रिमवर उरलेल्या चिंध्या तपासल्या, आणि तू तुझ्या अहवालात तेच म्हटलंस, की टायर हवा कमी असताना चालवला गेला. मी सुटकेचा निःश्वास सोडला. नोर्बेर्तुला मालकाने घरी बसवलं आणि त्याच्यावर खटला उभा राहतोय.

नोर्बेर्तु आपल्याकडे आला होता. ट्रेलर मागे कसा घ्यायचा ते त्याला मीच शिकवलं, म्हणून मला काका म्हणतो. भांडायला आलाय असं वाटून आईने आधीच वाइनची बाटली आणि चीज पुढे ठेवलं. तो भांडला नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आणि म्हणाला, "काका, मी निघण्याआधी हवा बघितली होती. नुसती लाथ मारून नाही, गेज लावून. सगळ्या चाकांची. तुम्हीच शिकवलंय ना. आता सगळे म्हणतात तू खोटं बोलतोस. मला स्वतःलाच वाटायला लागलंय की ते एक चाक राहिलं असेल." मी विचारलं, गाडी कशी वागली? तो म्हणाला, "आधी दणका बसला. मागे काहीतरी फटकन उडालं. त्यानंतर ट्रेलर बसला आणि मी बाजूला घेईपर्यंत टायरच्या चिंध्या झाल्या." आई त्याला आणखी चीज वाढत राहिली. त्याने ओतीलिया हे नाव एकदाही घेतलं नाही, तू त्याच्याबरोबर शाळेत होतीस तरी.

तो गेल्यावर मला एक साधी गोष्ट सुचली. आधी उडालं, मग बसला. हवा कमी असती तर आधी टायर बसतो, तापतो, धूर येतो. आणि जे रिमवर उरलं ते तर नंतर घासत गेलेलं होतं. त्याच्या चिंध्या हवा नसलेल्या टायरसारख्याच दिसणार, कारण तोपर्यंत त्यात हवा उरलीच नव्हती. मग जे आधी उडालं, ते काळं पंखासारखं, ते कुठे आहे? कुणीच शोधलं नव्हतं. रस्ता साफ करणाऱ्यांनी जे डांबरावर होतं ते उचललं. ओतीलिया, मी खरं सांगतो, मी ते शोधायला गेलो तेव्हा माझ्या मनात तुला निर्दोष ठरवायचं होतं. मला खात्री होती की त्याला तारा असणार. मी तो आणून डाव्या भिंतीला उभा करणार होतो आणि कॅफेतल्या एकेकाला दाखवणार होतो.

तो बांधाच्या बराच खाली, काटेरी पिवळ्या झुडपांत अडकला होता. एवढा लांब की आधी मला वाटलं कुणाचा पाण्याचा पाइप आहे. वरची नक्षी मी लगेच ओळखली, माझ्या गाडीला तीच आहे. एका टोकाला लाल रंग घासलेला होता. ओढून बाहेर काढताना हात ओरबाडले आणि मी मनात म्हणत होतो, आता तार लागेल, आता लागेल. तार लागली नाही. मी तो गवतावर उलटा पसरला. आतली बाजू स्वच्छ होती. कंगव्याने ओढल्यासारख्या खरवडल्याच्या रेघा, एकसारख्या, छान. आणि मध्येच एका जागी, माझ्या तळव्याएवढा भाग चकचकीत. तिथे रेघा दिसत होत्या, पण त्यांच्यावर काहीतरी पातळसं बसलेलं, जणू ते रबर कधी खाली टेकलंच नाही. मी तिथे हात ठेवला. मग खाली बसलो. वरून गाड्या जात होत्या आणि मी बराच वेळ तो भाग अंगठ्याने चोळत राहिलो, तो निघतो का बघत. निघाला नाही.

शेडमध्ये आणून मी तो उजव्या भिंतीला ठेवला, मग तिथून उचलून डावीकडच्या ढिगाखाली सरकवला. हे मी तुला सांगितलंच पाहिजे. तिथे तो कुणालाही सापडला नसता. आईने शेड साफ करायची म्हणून महिनाभर धोशा लावलाय, मी हो म्हटलं असतं तर एका ट्रॉलीत सगळं भंगारात गेलं असतं आणि तिने वर मला केक करून घातला असता. दोन दिवस मी तिच्यासाठी चेस्टनट उचलत होतो, सडके आणि चांगले एकत्र. तिने विचारलंसुद्धा, "तुझं लक्ष कुठे आहे?" मग मी पुन्हा शेडमध्ये गेलो, तो बाहेर काढला आणि उजेडात धरून पुन्हा बघितला. आणि खरं सांगू? भीतीपेक्षा मला दुसरंच काहीतरी जास्त छळत होतं. ते चकचकीत काय आहे? कुणाच्या तेलकट हाताचा ठसा? हवेतला दमटपणा? ती मधली चिकटणारी रबराची पट्टी जुनी होती का? खरवडल्यावर टायर फार वेळ उघडा राहिला का? तू जूनमध्ये मला म्हणाली होतीस की खरवडलेल्या टायरला धूळ बसायच्या आत पट्टी चढवावी लागते. तो कोणत्या दिवशी चढवला गेला, भट्टीपाशी कोण होतं, मला काही माहीत नाही, आणि जे माहीत आहे ते चुकीचंही असेल. मी टायर चालवलेत, केले नाहीत. हे नीट वाचू शकेल असं माझ्या ओळखीत एकच माणूस आहे.

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू तिथल्या तिथे काहीतरी बोलली असतीस, मी तुला ओळखतो. मला तुझं तिथल्या तिथे दिलेलं उत्तर नकोय, आणि ते तुझ्या तोंडून निघाल्यावर तुलाही परत घेता आलं नसतं. हे वाचून झालं की एक-दोन दिवस कुणाशी बोलू नकोस. मी गुरुवारी येतो. तुकडा जुन्या घोंगडीत गुंडाळलाय, अजून कुणाला दाखवला नाही, एर्मीनियुलासुद्धा नाही, कारण तो बघण्याचा पहिला हक्क तुझा आहे. तुझ्या टेबलावर ठेवीन, तू तुझी भिंगं लाव, तुझी यंत्रं लाव. मी चुकलो असेन तर मला सांग, माझ्या आयुष्यात मला चूक ठरवलेलं इतकं कधीच आवडलं नसेल. पण मी चुकलो नसेन, तर तुझा अहवाल तुलाच बदलावा लागेल, बाळा, कोर्टात कुणी दुसऱ्याने विचारण्याआधी. कारखान्यातले लोक तुझ्यावर चिडतील. तुझी नोकरी राहील की जाईल ते मला सांगता येत नाही. मी एवढंच करू शकतो की त्या दिवशी तुझ्या शेजारी बसेन. आणि परत येताना आपण दोघं नोर्बेर्तुच्या घरी जाऊ. तो अजून रोज सकाळी उठून विचार करतोय की ते एक चाक बघायचं राहिलं होतं का.

आईला मी सांगितलंय की समुद्र बघायला जातोय. तिने तुझ्यासाठी चेस्टनट निवडून ठेवलेत.

तुझाच,
बाबा